खुंट्यावर जायचा बेत

लतीफ टांगेवाल्याला एकदा डोंगराच्या माथ्यावर जायचं होतं, आणि ही गोष्ट भोरात कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. पस्तिशी उलटलेला माणूस, दारात टांगा, घोडी, पदरात दोन लेकरं. लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालेलं, मोटारी जागच्या जागी उभ्या, त्यामुळं भोर ते कापूरव्होळ टांग्याला दिवसभर उसंत नव्हती. अशा दिवसांत धंदा सोडून हा गडी कडा चढायला निघाला म्हटल्यावर लोक तोंडावर हसले असते. शेवटी त्यानं बायकोलाच सांगितलं.

हलिमा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "वर काय आहे?"

"तेच बघायचंय."

"आणि पडलात म्हणजे?"

"पडत नाही गं. कोंडिबा सगळं आखून देतोय. फौजेत आखतात तसा बेत."

कोंडिबाचं नाव आल्यावर हलिमाची हरकत मिटली. तो घरचाच माणूस होता. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग घोडीला चारा कोण घालणार तेवढं ठरवून जा."

तीन वर्षांपूर्वी, एक्केचाळीस सालच्या सुरुवातीला, लतीफ फौजेबरोबर आफ्रिकेत, एरिट्रियाच्या डोंगरात होता. तसले डोंगर त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते. झाड नाही, ओढा नाही, नदी म्हणावी तर तिच्यात नुसती वाळू. दगड इतका तापायचा की हात टेकवत नसे. वरच्या कड्यांवर शत्रू बसलेला, त्याच्या खाली कपारीकपारीत आपले शिपाई. लतीफ खेचरांच्या पलटणीत होता. पाण्याचे डबे खेचरांवर लादायचे आणि वर पोचवायचे, एवढंच काम. पण एका जागी वाट अशी उभी व्हायची की खेचर पुढं पाऊल टाकीत नसे. तिथं डबे उतरवायचे. शिपाई ते पाठीवर मारून वर निघून जायचे, आणि लतीफनं रिकामे डबे घेऊन मागं फिरायचं. रोज त्याच जागेवरून मागं. वर गेलेली माणसं कुठं जातात, माथ्यापलीकडं काय दिसतं, ते त्याला कधीच कळलं नाही. लढाई पुढं सरकली, पलटण दुसरीकडं गेली, आणि तो माथा राहिला तो राहिलाच.

त्याच जागी त्याला कोंडिबा भेटला होता. पाण्याची वाट बघत बसलेला एक शिपाई अडलेल्या खेचराला म्हणत होता, "आरं, आमच्या पासलीचा रेडाबी तुझ्यापरीस शाना हाय!" लतीफनं चमकून पाहिलं. समुद्रापार, त्या रखरखाटात, वेल्ह्याकडची बोली! दोघं गळ्यातच पडले. मग रोज डबे उतरेपर्यंत चार शब्द व्हायचे. कोंडिबा कड्याकडं बोट करून म्हणायचा, "ह्यो काय डोंगर हाय व्हय? आमच्या गावामागं खुंटा हाय, खुंटा! घरी गेल्यावर तुला चढवतो."

पुढं थोड्याच दिवसांत कोंडिबाच्या पायाशी तोफेचा गोळा फुटला. लतीफनंच त्याला खेचरावर घालून खाली आणला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कोंडिबा घरी आला, लाकडी पाय लावून शेतातली बसती कामं करू लागला. वर्षभरानं लतीफही सुटून आला. लाकडी पायाचा पट्टा तुटला की कोंडिबा भोरला यायचा आणि मुक्काम लतीफकडं ठोकायचा. यंदा माघात आला तेव्हा त्यानंच विषय काढला.

"लतीफभाय, खुंट्याचं काय केलंस?"

"तू येणार आहेस का चढवायला?" लतीफ हसून म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

पण कोंडिबाला राग आला नाही. "म्या न्हाई. पर वाट माझ्या डोक्यात हाय, पावलाला पाऊल. फौजेत जायच्या आदी सात-आठ बारी गेलोय. होळी झाली की ये. गवत जळालेलं असतं, दगड कोरडा असतो. दोर तेवढा आन चांगला."

तर असा बेत ठरला. होळी झाली आणि लतीफ खांद्यावर दोर टाकून पायीच निघाला. वाटेत वेल्ह्याला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी पासलीला पोचला.

कोंडिबाच्या घरात त्याची बायको चंद्राबाई आणि थोरली बहीण साळूबाई, अशी माणसं. साळूबाई चाळिशीची. ऐन उमेदीत नवरा गेला तेव्हा माहेरी आली ती इथंच राहिली. कोंडिबा लढाईवर असताना भाताची खाचरं तिनंच सांभाळली होती. सगळे तिला आक्का म्हणत. तिनं लतीफपुढं पाण्याचा तांब्या ठेवला, त्याच्या खांद्यावरचा दोर उचलून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो मोटंचा नाडा न्हवं?"

"व्हय आक्का. मामांच्या विहिरीवरचा. भरलेली मोट ओढतो, मग माणूस का नाही ओढणार?"

"मानूस वडंल. पर ह्यो वर न्यायला येक रेडा लागंल," म्हणून ती हसत आत गेली.

पाणी पिऊन होतं न होतं तोच कोंडिबानं लतीफला अंगणातल्या फरशीपाशी बसवलं. हातात कोळसा. फौजेतल्या साहेबासारखा घसा खाकरून तो रेघा ओढू लागला.

"ही खिंड. हितवर म्याबी येतो काठी टेकत. पानी माझ्यापाशी. हितनं म्होरं तू. पैला टप्पा सोपा, खोबण्या हायती. मग उंबराचं झाड. तितनं उजव्या अंगाला, कोकनाकडच्या बाजूला वळायचं. वीतभर रुंद कपार हाय. पोट दगडाला लावून सरकायचं, पन्नास पावलं. खाली बघायचं न्हाई. कपार संपली की घळ, घळीतनं माथा. म्हन आता."

लतीफ शाळेतल्या पोरागत म्हणू लागला. खिंड, खोबण्या, उंबर, उजवीकडं कपार. दोनदा चुकला, कोंडिबानं दोनदा पहिल्यापासून म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बिनचूक झालं.

"पण संगती कोण?" लतीफनं विचारलं.

"संगती वाडीतला ज्ञानू येनार व्हता, त्यो मुंबैला गिरनीत गेला. गावात आता चढनारं हाय कोन? म्या गेलो तवापास्नं वर कुनी गेलंच न्हाई. पर तुला कशाला कोन पायजे? वाट पाठ झाली न्हवं?"

साळूबाई ओसरीवर नाचणी पाखडत होती. सूप थांबलं.

"त्या कपारीनं न्हाई जाता येनार," ती म्हणाली.

"का?"

"पडलीया ती. मधली धा-बारा पावलं गेलीत."

कोंडिबानं मान वर केली. "कुनी सांगितलं तुला?"

"पडलीया म्हनते न्हवं."

"आगं, कुनी सांगितलं? गावातनं ती बाजू दिसत न्हाई. वर कुनी जात न्हाई. मग तुला काय सपान पडलं?" कोंडिबाचा आवाज चढला. "आक्के, मला शेतातलं इचारू नगंस, म्या तुलाच इचारीन. पर खुंट्याची वाट मला शिकवू नगंस. पाय गेलाय माझा, डोकं न्हाई गेलं!"

चंद्राबाई दाराआडून डोकावली आणि परत आत गेली. लतीफला कुठं बघावं कळेना. कोंडिबाला दुखावणं त्याला नको होतं. ही एक वाटच तर त्याच्याजवळ धडधाकट उरली होती. पण साळूबाईचा चेहरा उगाच बोलणाऱ्या बाईचा नव्हता. सूप मांडीवर घेऊन ती नुसती नाचणीकडं बघत होती.

लतीफ उठला, ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "आक्का, तुम्ही पाहिलीत का ती कपार?"

तिनं पाखडलेली नाचणी टोपलीत ओतली. मग सूप बाजूला ठेवलं.

"पायली. हात लावून पायली."

कोंडिबाच्या हातातला कोळसा तसाच राहिला.

"तुझं पत्र आलं व्हतं," ती भावाकडं न बघता सांगू लागली, "बोटीत बसतोय म्हनून. मास्तरांनी वाचून दावलं. मला बोट म्हायती न्हाई, दर्या म्हायती न्हाई. म्हातारी मानसं म्हनायची, खुंट्यावरनं दर्या दिसतो. म्हनलं, बघावं तरी आपला भाऊ कशावरनं गेलाय. दसरा झाल्यावर गेले. गवत कापायला जाते सांगून. कपारीपाशी आले तर कपारच न्हाई. मग डाव्या अंगाला भेग हाय, तिच्यात पाठ टेकून, गुडघं लावून वर गेले."

"भेगेतनं?" कोंडिबा पुटपुटला. "आगं, तितनं आमी कुनी..."

"दिसला दर्या. पार लांब, तारंवानी चमकत व्हता. देवाच्या धोंड्यापतूर गेलेच न्हाई, घळीतनंच बघितला. जिवाला बरं वाटलं. म्हून परत गेले, होळी झाल्यावर, धुळवडीच्या दिशी, त्या बारीला पार धोंड्यापतूर. समदी धुळवडीच्या नादात, कुनी बघितलं न्हाई." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "आन मग थोड्या दिसांनी ते पत्र आलं. तुझ्या पायाचं."

आता कोंडिबानं मागं सांगितलेलं लतीफच्या ध्यानात आलं. खुंट्याच्या माथ्यावर शेंदूर फासलेला धोंडा होता. गाव त्याला बापदेव म्हणे. बाईमाणसानं त्या धोंड्यापाशी जायचं नाही, असं सगळे धरून चालत.

"बापदेव कोपला," साळूबाई म्हणाली. "माझ्यापायी तुझा पाय गेला, कोंडिबा. तीन वरसं झाली, तू खुट खुट करत चालतोस ते ऐकवत न्हाई मला. सांगनार न्हवते. पर हा परका मानूस, पोराबाळांचा धनी, पडलेल्या कपारीवर पाय टाकाया निघालाय. मग काय करू?"

कोंडिबा कधी बहिणीकडं, कधी आपल्या लाकडी पायाकडं बघत राहिला.

लतीफ मात्र मनाशी काहीतरी जुळवत होता.

"आक्का," तो म्हणाला, "दुसऱ्यांदा गेलात तो दिवस धुळवडीचाच? पक्कं?"

"धुळवडच. कसं इसरंन?"

"कोंडिबाला मी खेचरावर घातला ना, त्या दिवशी मोहरमची दहावी होती. माझ्या चांगलं ध्यानात आहे. सकाळपासून मनात चाललं होतं, आज भोरात ताबूत उठतील, आमच्या गल्लीत शरबताचे माठ भरले असतील, आणि मी इथं घोट घोट पाणी पोचवतोय. तेवढ्यात ओरडा झाला, मराठा पडला म्हणून. धावत गेलो तर हा."

"मग?"

"त्या साली आपल्याकडं ताबूत कधी आले होते?"

साळूबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. वेल्ह्याच्या ताबुतापुढं नाचायला पासलीची माणसं दरसाल जात. "माघात," ती म्हणाली. "थंडी व्हती. चंद्राचा भाऊ नाचून नाचून तापानं पडला व्हता. माघी पुनव तितनं चार दिसांवर व्हती..." आणि ती मधेच थांबली.

"म्हणजे पाय गेला तो माघात," लतीफ म्हणाला. "तुम्ही चढलात फाल्गुनात. महिनाभरानं. पत्रच उशिरा पोचलं, आक्का. लढाईतलं पत्र ते, समुद्र ओलांडून यायचं."

अंगणात लिंबाची वाळकी पानं इकडून तिकडं सरकत होती. साळूबाई बोटं मोजत होती. मोजून झाली की परत पहिल्यापासून मोजायची. शेवटी तिनं हात मांडीवर टाकले.

कोंडिबाला एकदम हसू फुटलं. "म्हंजी बापदेव म्हैनाभर आदीच कोपला व्हय? आक्का चढनार हाय म्हनून? आगं, इतकी घाई तर आमच्या कर्नलसायबालाबी नसायची!" हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो काठी टेकत उठला, खुट खुट करत ओसरीपर्यंत आला आणि बहिणीच्या शेजारी बसला. "आक्के, तीन वरसं तू हे पोटात घेऊन माझी भाकरी थापलीस?"

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं पदरामागूनच म्हणाली, "भाकरी चंद्रा थापती. म्या निस्ती नाचनी पाखडते."

मग तिनं डोळे पुसले, अंगणात उतरली आणि कोंडिबाच्या हातातला कोळसा काढून घेतला. फरशीवरची कपारीची रेघ तळव्यानं पुसून टाकली.

"म्या येते संगती," ती म्हणाली. "म्होरं म्या, मागं तुमी. आता नीट ऐका."

त्या दुपारी बेत पुन्हा पहिल्यापासून आखला. साळूबाईनं नाडा कापायला लावला. निम्मा पुरे, तो फक्त उंबराला बांधायचा. वरच्यासाठी तिच्याजवळ घायपाताचा बारीक दोर होता, स्वतः वळलेला. पायात काही घालायचं नाही. जळलेल्या गवताच्या बुडख्यांना धरायचं नाही, ती उपटून हातात येतात. आणि अत्तर लावायचं नाही.

"अत्तर?" लतीफनं कानातला फाया चाचपला.

"भेगेच्या वर आग्या मोहळ हाय. माश्यांना वास लागला तर अंगावर घोंगडं बी न्हाई आपल्या."

लतीफनं फाया काढून ओट्याखाली टाकला. पाण्याचं मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. कोंडिबा म्हणत होता एक भोपळाभर पाणी पुरे, तासाभराचं तर काम. लतीफ म्हणाला, "पाण्यातलं मला कळतं. चढताना माणूस जपून पितो, आणि उतरताना विसरतो. घात उतरताना होतो. एक भोपळा संगती घ्यायचा, आणि दोन छागली, पाण्याच्या पिशव्या, खिंडीत तुझ्याजवळ. त्यातला थेंब आम्ही खाली येईपर्यंत सोडायचा नाही." कोंडिबानं कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला तिघं निघाली. कोंडिबाला खिंडीपर्यंत यायला दोघांच्या दुप्पट वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. खिंडीत वारा भन्नाट होता. खुंटा समोर उभा, जमिनीत ठोकलेल्या मेखेसारखा, आणि त्याच्यापलीकडं जमीन संपून नुसती खोल निळाई. कोंडिबा छागली घेऊन दगडाला टेकून बसला आणि म्हणाला, "जा."

साळूबाईनं लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, दगडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढू लागली. ती कशी चढते ते लतीफ बघत राहिला. धसमुसळेपणा नाही, जोर नाही. एक हात सोडायच्या आधी दुसरा पक्का, जशी बाई शिडीवरून माळ्यावर जाते. उंबरापर्यंत पोचून तिनं नाडा सोडला, लतीफनं तो काखेखालून छातीशी बांधला आणि चढला. खोबण्या खरंच होत्या. भेगेत वरून घायपाताचा दोर होता, तरी त्याची वाईट गत झाली. पाठ टेकली, गुडघे लावले, आणि मधोमध गेल्यावर पुढची खोबण सापडेना. ना वर, ना खाली.

"आक्का, मला नाही जमत."

"जमतंय की. आता जमलंच न्हवं इतवर." वरून तिचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. "डावा पाय निस्ता हातभर वर. बोटानं चाचपा. हाय का तिथं काय?"

होतं. अंगठ्याएवढी फट. त्यानं अंगठा रोवला. मग उजवा. मोहळाखालून जाताना दोघांनी श्वास धरला. काळ्याभोर पोळ्यावर माश्या लाटेसारख्या हलत होत्या. त्यानंतर घळ, घळीत मुरूम, आणि मुरमावरून चार पायांवर रांगत लतीफ माथ्यावर आला.

माथा खळ्याएवढा. एक शेंदरी धोंडा, थोडं जळकं गवत, वारा. लतीफ जरा अंतर ठेवूनच उभा राहिला. साळूबाई धोंड्यापुढं गेली, हात जोडले. काय बोलली ते वाऱ्यानं ऐकू दिलं नाही. मग वळून म्हणाली, "या की म्होरं. देवाला काय तुमची वळख न्हाई व्हय आता?"

दर्या दिसला नाही. कोकणावर धुरकट धुकट होतं. पण खाली डोंगरांच्या सोंडांवर सोंडा उतरत गेलेल्या, त्यांच्या बेचक्यात वाड्या, आणि मागं वळलं की तोरणा, राजगड, आणि कुठंतरी त्यांच्याआड भोर. इतकं आभाळ एकदम त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो खाली बसला. एरिट्रियातल्या कड्यावर पाठीवर डबे घेऊन निघून गेलेली पोरं त्याला एकेक करून आठवली. काहींची नावं आठवली, काहींची नाही. साळूबाईनं भोपळ्यातलं पाणी पुढं केलं. ते त्यानं जपून प्यायलं.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. खिंडीत पाय टेकले तेव्हा लतीफच्या दोन्ही कोपरांची सालं गेली होती. कोंडिबानं छागली पुढं केल्या. टोपणंसुद्धा उघडली नव्हती.

"कसं हाय वर?" त्यानं विचारलं.

लतीफ सांगू लागला, पण कोंडिबाचं लक्ष त्याच्या छातीवरच्या नाड्याकडं होतं. ऐकता ऐकता त्यानं लाकडी पायाचा पट्टा सोडायला घेतला.

"काय करतोयस?" साळूबाईनं विचारलं.

"दोर बांद मला."

"खुळा झालास?"

"माथ्यावर न्हाई जात, आक्के. उंबरापतूर. हात दोन हायती, पाय एक हाय, आन वर तू हायस."

बहिणीनं भावाकडं पाहिलं. एरवी ती नाही म्हणाली असती. पण आज तिनं नुसती दोराची गाठ तपासली, परत वर चढली आणि उंबराच्या बुंध्याला पाय लावून बसली. लतीफ कोंडिबाच्या खाली राहिला, त्याच्या एकुलत्या टाचेला तळहाताचा आधार देत. कोंडिबा दम खात होता, शिव्या देत होता, मधेच थांबून दगडाला गाल लावत होता. एकदा हात निसटला आणि सगळा भार नाड्यावर आला. नाडा करकरला, पण साळूबाई हलली नाही. तो पुन्हा चिकटला. पुन्हा एक खोबण.

उंबराशी पोचला तेव्हा घामानं सदरा अंगाला चिकटला होता. थोटा गुडघा खरचटून रक्ताळला होता. तो बुंध्याला मिठी मारून बसला आणि लहान पोरासारखा इकडं तिकडं बघू लागला.

"आरं, ह्याला उंबरं लागलीत की," तो म्हणाला, आणि हात लांबवून एक तोडलं.

चंद्राबाईनं दिलेली नाचणीची भाकरी साळूबाईनं पदरातून काढली. तिघांनी ती त्या हातभर जागेत मोडून खाल्ली. ऊन आणखी तापायच्या आत उतरायला हवं होतं, पण बराच वेळ कुणी उठलंच नाही.